जपून ठेवलेल्या सूचना

कपाटात दोनशे अकरा जाहीर सूचना होत्या. वरच्या तीन खणांत प्रत्येकी साठ आणि सगळ्यात खालच्या खणात एकतीस. त्यांतली एकही फाटलेली, भिजलेली किंवा उन्हाने पिवळी पडलेली नव्हती. प्रत्येकीच्या पाठीवर चार कोपऱ्यांत चार वाळलेले ठिपके होते, साधारण नखाएवढे.

त्या मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण नगरपालिकेच्या जाहीर सूचना विभागात मी सगळ्यात नवी होते. जुन्या सूचना संकेतस्थळावर चढवायच्या ठरल्या होत्या. पदार्थविज्ञान शिकलेल्या मुलीला कुठलंही यंत्र चालवता येतं, असा आमच्या हेडबाईंचा समज होता. त्यांनी मला एक स्कॅनर, एक टेबल आणि कपाटाची किल्ली दिली. "एकेक घालायची, बटण दाबायचं," त्या म्हणाल्या. "डोकं लावायचं काम नाही."

पालिकेला रस्ता रुंद करायचा असो, गल्ली बंद करायची असो की झाड तोडायचं असो, लोकांना आधी सांगावं लागतं. ते सांगायचं तीन ठिकाणी: वर्तमानपत्रात, कचेरीतल्या फलकावर आणि जिथे ते काम होणार त्या जागेवर, "सर्वांना ठळकपणे दिसेल अशा रीतीने". मग महिनाभर थांबायचं. कुणाची हरकत असेल तर त्याने ती लेखी द्यायची. आली तर सुनावणी होते, नाही आली तर सूचना पक्की. वर्तमानपत्रातली सूचना भूमापन क्रमांकांनी भरलेली असायची. कचेरीतला फलक जिन्याखाली होता आणि त्याच्यासमोर मोडक्या खुर्च्या रचलेल्या होत्या. म्हणजे लोकांना कळायचं ते तिसऱ्या ठिकाणी. घराच्या भिंतीवर कागद लागला की माणूस वाचतोच.

कपाटातल्या सूचना जादाच्या प्रती असतील असं मी धरून चालले होते. पण जादाच्या प्रतींना खळ कशाला लावतील? माझ्या पिशवीत मावशीने दिलेलं एक छोटं भिंग असतं. ते मी एका ठिपक्यावर धरलं. वाळलेल्या खळीत लाल पूड होती, विटेची. दुसऱ्या सूचनेवर चुन्याचे पापुद्रे होते. तिसरीवर झाडाच्या सालीचे तुकडे, चौथीवर हिरवं शेवाळ. मी खालचा खण सोडून प्रत्येक खणातल्या दहा-दहा तपासल्या. सगळ्यांवर काही ना काही होतं.

हे सगळे कागद कुठे ना कुठे लागलेले होते, आणि अंगावर एक चरा न पडता परत आलेले होते.

मागच्या व्हरांड्यात डिंकमामा खळ ढवळत बसले होते. सूचना चिकटवणं हे त्यांचं काम, आणि डिंकमामा हे सगळ्या कचेरीने ठेवलेलं नाव. शेजारी पत्र्याची बादली, रुंद कुंचला आणि पातळ धारेची एक लोखंडी पट्टी. नाकावर मावशीने करून दिलेला नवा चष्मा.

"मामा, कपाटातल्या सूचना भिंतींवर लावलेल्या आहेत का?"

"मग? न लावताच लावल्याची सही ठोकीन होय मी?"

"मग त्या इथे कशा?"

"मी आणल्या." त्यांनी पट्टी उचलून दाखवली. "फोटो निघाला की लगेच खाली ही सरकवायची. ओली असतानाच सोडवावी लागते. वाळली की कागदाचा जीव जातो."

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकतेय. "म्हणजे भिंतीवर राहते किती वेळ?"

"फोटो निघेपर्यंत. उजेड चांगला असला की पटकन होतं. ढगाळ असलं की जरा वेळ खातं."

"मामा, ती महिनाभर राहायला हवी ना?"

त्यांनी ढवळणं थांबवलं आणि लहान मुलाला समजावतात तशा आवाजात ते सांगू लागले. बऱ्याच वर्षांपूर्वी बाजाराच्या भिंतीवर लावलेली एक सूचना शेळीने खाल्ली. अर्धीच खाल्ली, हरकतीची तारीख असलेली अर्धी. कुणीतरी न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, सूचना मुदतभर सुस्थितीत नव्हती, म्हणून सगळी प्रक्रिया रद्द. बाजाराचं काम चार वर्षं लटकलं. "शेळीच्या मालकाला कुणी विचारलं नाही. मला मात्र तीन महिने बिनपगारी घरी बसवलं. परत आलो तर परिपत्रक हातात. जागेवर लावलेली सूचना सुस्थितीत राहील याची दक्षता घ्यावी. आता तू सांग, शिकलेली आहेस. भिंतीवर कागद सुस्थितीत राहतो का? पाऊस आहे, ऊन आहे, पोरं आहेत, शेळ्या आहेत."

"म्हणून तुम्ही..."

"म्हणून दक्षता घेतो. एक तरी फाटलीय का बघ. एक दाखव, मिशी उतरवतो."

त्यांना मिशी नव्हती. एरवी मी हसले असते.

हेडबाईंच्या खोलीत टेबलामागे एक चौकट टांगलेली होती. विभागाला मिळालेलं प्रशस्तिपत्र. गेल्या वर्षी शहरातल्या कामांवर एकही हरकत आली नव्हती, म्हणून. मी ते रोज बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं.

"बाई, जागेवरच्या सूचना फोटो काढून लगेच उतरवतात."

"हो. जपून ठेवतो आपण."

"पण मग त्या लोकांना वाचायला कशा मिळणार?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता यांनाही धक्का बसेल. मी वाट बघत होते.

"फोटो आहेत ना सगळ्यांचे?"

"आहेत."

"फोटोत सूचना भिंतीवर दिसते ना?"

"दिसते."

"मग झालं की. अगं, नियम सूचना लावायचा आहे, ती वाचून दाखवायचा नाही. आणि हरकती तरी कुठे येतात आपल्याकडे? लोक समाधानी आहेत."

त्या खोटं बोलत नव्हत्या. तोच माझ्यासाठी सगळ्यात मोठा धक्का होता. डिंकमामा, हेडबाई, फोटोवर सही करणारे, ते तपासणारे, यांतल्या एकानेही काही लपवलेलं नव्हतं. कपाटाला कुलूप होतं ते उंदरांसाठी.

मी जागेवर येऊन खालचा खण उघडला. त्यातल्या सूचना सगळ्यात अलीकडच्या होत्या. काय करावं सुचत नव्हतं, म्हणून सांगितलेलं काम करू लागले. एकेक घालायची, बटण दाबायचं. सहावी का सातवी पालथी केली आणि हात थांबला. चारही ठिपके आकाशी होते.

भिंगाची गरज नव्हती. तो रंग बाजारात मिळत नाही. गेल्या वर्षी मावशीने आणि मी पांढऱ्या रंगाच्या डब्यात निळा डबा ओतला, फार गडद झाला म्हणून परत पांढरा ओतला, आणि शेवटी जो काही झाला तो मावशीने "बरा दिसतोय" म्हणून दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला लावला. शहरात तशी दुसरी भिंत नाही.

मी सूचना सुलटी केली. रस्त्याचं रुंदीकरण. दक्षिण बाजूची बांधकामे. खाली भूमापन क्रमांकांची रांग, तीत आमचा. हरकती दाखल करण्याची मुदत होऊन गेलेली होती. मी ती सूचना पिशवीत घातली.

मावशीचं दुकान चष्म्यांचं. आई गेली तेव्हापासून मी तिच्याकडेच वाढले, आणि वाढले ती बहुतेक त्या एका खोलीत. खोली अरुंद आहे पण लांब आहे, आणि तिची सगळी प्रतिष्ठा त्या लांबीत आहे. मागच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, पुढच्या बाजूला गिऱ्हाइकाची खुर्ची, मध्ये सहा मीटर मोकळी जागा. जमिनीवर मावशीने एक पांढरी रेघ ओढलेली आहे. तपासणी चालू असताना ती ओलांडलेली तिला चालत नाही. लहानपणी मी तिथून पळत गेले की ती म्हणायची, "माणसाच्या नजरेत येऊ नकोस गं, रस्ता आहे तो." सहा मीटर ही तिची हौस नाही. डोळे तपासण्याचा परवाना त्यावरच मिळतो. जागा नसेल तर समोर आरसा लावून तक्ता त्यात बघायचा, मग तीन मीटर पुरतात. तीनच्या खाली परवाना नाही. दरवर्षी निरीक्षक टेप घेऊन येतो, मावशीकडे चहा पितो आणि सहा मीटर लिहून जातो.

मी दुकानात पोचले तेव्हा ती एका आजोबांच्या नाकावर तपासणीची जड चौकट बसवत होती. एकेक काच आत सरकवून विचारत होती, "हे बरं, की हे बरं?"

"दोन्ही सारखंच," आजोबा म्हणाले.

"सारखं कसं असेल? बायकोला असंच सांगता का?"

आजोबा हसत बाहेर पडेपर्यंत मी थांबले. मग विचारलं, "मावशी, आपल्या बाहेरच्या भिंतीवर कुणी काही चिकटवलं होतं का?"

"तुमचा डिंक्या आला होता ना मध्ये. त्याला काय झालं?"

"काय म्हणाला?"

"म्हणायचंय काय? मी आत तपासणीत, खिडकीतून बघते तर हा बाबा माझ्या नव्या रंगावर खळ फासतोय. तशीच बाहेर गेले. म्हटलं, अरे मेल्या, डाग पडतील! तर म्हणाला, लगेच काढतो मावशी, फक्त फोटो. आणि काढला बरं का लगेच. भला माणूस. कडेचा रंग थोडा निघाला तेवढाच."

"तू वाचलंस का काय होतं ते?"

"वाचायला ठेवलं कुठे त्याने? आणि तुमच्या कचेरीची अक्षरं म्हणजे माझ्या धंद्याला हातभार. पायरीवरून मला तर मुंग्या दिसल्या." मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "का गं? काय होतं?"

मी सूचना बरोबर आणली होती. ती तिने आधी तिच्या सवयीने हात लांब करून धरली, मग जवळ घेतली. दोनदा वाचली. तिचा चेहरा फारसा बदलला नाही. ती फक्त आजोबा बसले होते त्या खुर्चीत बसली आणि समोरच्या तक्त्याकडे बघत राहिली. तिला त्या खुर्चीत बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"कुठपर्यंत घेणार?"

"ते यात नाही. नकाशात असेल."

"विचारून ये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी हेडबाईंकडे फाइल मागितली. मनात एकच होतं: या सूचनेवर मावशीला हरकत घ्यायची संधीच मिळाली नाही, हे दाखवायचं. बाईंनी फाइल काढली, फोटोचं पान उघडलं आणि माझ्याआधी त्यांचाच चेहरा उजळला.

"अगं, या तर स्वतःच फोटोत आहेत!"

फोटोत आकाशी भिंत होती, भिंतीवर सूचना होती आणि उजव्या कडेला मावशी होती, दुकानाच्या पायरीवर. एका हातात तपासणीची चौकट, दुसरा हात वर, तोंड उघडं. ती "अरे मेल्या" म्हणत असतानाचा तो क्षण असावा.

"याहून मोठा पुरावा काय हवा?" बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या बाबतीत निदान म्हणता येईल की बघितली नाही. या तर समोर उभ्या आहेत."

मी फोटोत रंगाखाली दिसणाऱ्या विटा मोजून अंतर काढलं. "बाई, या तीन मीटरवर आहेत. सूचनेतलं अक्षर दोन मिलिमीटरचं आहे. धडधाकट डोळ्यालाही ते जेमतेम सव्वा ते दीड मीटरवरून वाचता येतं. तीन मीटरसाठी साडेचार मिलिमीटरचं अक्षर लागेल."

"मग जवळ यायचं होतं."

"त्या येईपर्यंत मामांनी उतरवली."

"जपून ठेवायला," बाई म्हणाल्या, आणि फाइल मिटली. मग जरा थांबून, मावशी माझी कोण हे त्यांना आठवलं असावं, त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आखणीवाल्या साहेबांना भेट. माणूस चांगला आहे. माझं नाव सांग."

आखणीवाले साहेब वरच्या मजल्यावर बसायचे. रस्त्याच्या रेषा तेच ओढायचे. टेबलभर नकाशे, त्यांवर दाबून ठेवलेले गुळगुळीत दगड. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, नकाशा उलगडला आणि आमच्या गल्लीवर बोट ठेवलं. लाल रेषा मावशीच्या दुकानाच्या मधोमध गेली होती.

"इथे दक्षिणेकडून घेतलंय थोडं जास्त," ते म्हणाले. "उत्तरेला पालिकेचीच मोकळी भिंत आहे. मागे कुणी राहत नाही."

"मग तिकडून का नाही घेतलं?"

"घेता आलं असतं." ते अगदी सहज म्हणाले. "रेषा कुठूनतरी काढावी लागते. मग सूचना देतो. कुणी म्हणालं की बाबा माझं अमुक जातंय, तर मी सरकवतो. त्यासाठीच तर असते ती. एक मीटर, दोन मीटर, मला काय, पेन्सिल आहे. पण कुणी आलंच नाही."

"मुदतीत कुणी आलं असतं तर..."

"एका ओळीचा अर्ज पुरला असता. आता सभेने मंजूर केली. शाई झाली." त्यांनी खरोखर वाईट वाटल्यासारखी मान हलवली. "मला वाटायचं, आपल्या रेषा फार अचूक असतात. एवढी वर्षं एकही हरकत नाही. घरी सांगायचो मी."

मी त्यांना कपाटाबद्दल सांगितलं. त्यांचा हात नकाशावर होता तिथेच राहिला. ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या. दोनशे अकरा."

ते धपकन खुर्चीत बसले. त्या इमारतीत धक्का बसलेला तो पहिला माणूस. माझ्या मनात आलं, आता काहीतरी हलेल. त्यांनी एक कोरा कागद समोर ओढला.

"वरिष्ठांना लिहितो मी. पुढच्या सूचनांसाठी. झालेल्या शायांचं मात्र..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि पट्टी काढली. "तुमच्याकडे मागच्या भिंतीपासून रेषेपर्यंत तीन मीटर सतरा उरतात. आरसा लावून चालतं म्हणालात ना? तीन मीटर लागतात?"

"लागतात."

"मग आहेत की!" त्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. मी जिना उतरले तो दोन-दोन पायऱ्या गाळत. व्हरांड्यात डिंकमामांनी हाक मारली, "काय झालं गं मावशीच्या कामाचं?" मी म्हटलं, "वाचलं." त्यांनी कुंचला वर करून सलाम केला.

मावशीला सांगितलं तेव्हा तिने लगेच आरशाचा विचार सुरू केला. कुठला, केवढा, टांगायचा कसा. "तोंडं बघतील मेले आरशात, तक्ता सोडून," ती म्हणाली. मला हुंदका आला आणि हसूही आलं. मग ती थांबली.

"पण पुढची भिंत?"

"म्हणजे?"

"ही भिंत पाडतील ना. मग नवी कुठे बांधायची? रस्त्यात तर नाही बांधू देणार."

छताचा सगळा भार पुढच्या भिंतीवर आहे. तिथे काच चालत नाही, फळ्या चालत नाहीत, पूर्ण एका विटेची भिंत लागते. आणि ती रेषेच्या आत लागते.

"मोजूया," मावशी म्हणाली. "अंदाजाने बोलायचं नाही. दुकानात नाही चालत ते."

आम्ही तक्ता उतरवला. जमिनीवर रेषेच्या जागी खडूने खूण केली, आणि तिच्यापासून आत एक वीट आडवी ठेवली. वीट तेवीस सेंटीमीटर भरली. मावशीने पोलादी टेपचं टोक मागच्या भिंतीला अंगठ्याने दाबून धरलं. मी दुसरं टोक विटेच्या आतल्या कडेपर्यंत नेलं, टेप ताणली आणि वाचली. मावशी म्हणाली, "परत." आम्ही जागा बदलल्या. तिसऱ्यांदा तिने चष्मा लावून स्वतः वाचलं.

तिन्ही वेळा दोन मीटर चौऱ्याण्णव सेंटीमीटर आलं.